जमीन धाकट्याची, टेबल मोठ्याचं: फोंड्यातल्या लहान फ्लॅटमधली नातवंडांची सुट्टी

गोव्यातल्या फोंडा शहरातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि ग्रिल लावलेली चिंचोळी बाल्कनी. हॉल दहा बाय बारा फुटांचा. त्यात सोफा, दिवाण, टीव्हीचं कपाट, मधोमध काचेचा टीपॉय आणि कोपऱ्यात चौघांचं जेवणाचं टेबल. आजोबा 71 वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. आजी 67 वर्षांच्या. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, जमिनीवर बसल्या की उठायला कुणाचा तरी हात लागतो.

2025 च्या मे महिन्यात या घरी तीन नातवंडं यायची होती. पुण्याच्या लेकीची दोन: मुलगा सहा वर्षांचा, मुलगी साडेतीन वर्षांची. शिवाय बेंगळुरूच्या मुलाचं तेरा महिन्यांचं बाळ, आईसोबत. मुक्काम तीन आठवड्यांचा. मुलं दोन वर्षांनी येणार म्हणून आजोबांनी उत्साहानं खरेदी सुरू केली होती. प्लास्टिकची घसरगुंडी घरी येऊन पडली होती, रिमोटवर चालणारी मोटार आली होती, गाणी म्हणणारं एक पुस्तक आलं होतं, आणि बाळासाठी चाकांचा वॉकर मागवायचा विचार चालला होता.

मी बालवाडीत शिकवायचे आणि आमची घरं जवळ, म्हणून आजी विचारायला आल्या. त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता: "बाई, घसरगुंडी हॉलमध्ये ठेवली तर मुलांनी बसायचं कुठं?"

खेळण्यांच्या दुकानात वयाचे आकडे छापलेले खोके असतात आणि आपण ते आकडे बघून खरेदी करतो. लहान घरात तेवढ्यानं भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. तिथं आधी घर काय सामावून घेऊ शकतं ते बघावं लागतं.

जमिनीचा हिशोब

सोफा आणि टीव्हीच्या कपाटामधली मोकळी जमीन आम्ही मोजली. टीपॉय धरून ती साडेपाच बाय सात फूट भरली. घसरगुंडीच पाच फूट लांब, वर मूल घसरून उतरायला पुढं दोन फूट तरी हवेत. म्हणजे ती ठेवली की हॉल संपला. टीपॉयची काच आणि त्याचे टोकदार कोपरे तेरा महिन्यांच्या बाळाच्या बरोबर कपाळाच्या उंचीवर येत होते. तो पहिल्याच दिवशी बेडरूममध्ये भिंतीला लावून ठेवला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आजींनीच सांगितली. ही जमीन दिवसभर जमीन नसते. दुपारी तिथं पानं मांडली जातात, कारण चौघांच्या टेबलाभोवती एवढी माणसं बसत नाहीत. रात्री तिथंच दोन गाद्या पडतात. म्हणजे दिवसातून दोनदा ती पूर्ण रिकामी व्हायला हवी. हे कळल्यावर निम्मी निवड आपोआप झाली: जे पाच मिनिटांत उचलून ठेवता येत नाही, ते या घरात नको.

दुसरी अडचण वयांची. सहा वर्षांच्या मुलाला बारीक तुकड्यांचे, जोडायचे खेळ हवे असतात. तेरा महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. मोठ्या घरात दोघांना दोन खोल्या देता येतात. इथं खोली एकच होती, म्हणून आम्ही तिचे उंचीनं भाग केले. जमीन आणि सोफ्याच्या बैठकीपर्यंतचा पट्टा बाळाचा. तिथं तोंडात घातलं तरी धोका नाही अशीच वस्तू असेल. जेवणाचं टेबल मोठ्याचं. तिथं बारीक वस्तू चालतील, पण एखादी खाली पडली तर ती उचलेपर्यंत खेळ थांबेल. सहा वर्षांच्या मुलाला हा नियम एकदा नीट सांगितला की पुरतो, आणि तो बाळाचा राखणदार असल्यासारखा पाळतो. साडेतीन वर्षांच्या मुलीला दोन्हीकडे मुभा होती, टेबलापाशी मोठं माणूस असेल तर.

खाली काय नको

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुटा बारीक भाग कशाला म्हणायचं, हे ठरवायला 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावतो तो भाग घशात अडकण्याचा धोका मानायचा. घरी पुठ्ठा गुंडाळून सव्वातीन सेंटिमीटरची नळी करता येते. आजोबांनी ती केली आणि घरभर फिरवली. रिमोटच्या मोटारीचं चाक तिच्यात गेलं. नारळ-सुपारीच्या या मुलखात घरात सहज दिसणाऱ्या वस्तूही गेल्या: पानाच्या तबकातली सुपारी, काजूच्या बिया, चिंचोके, आजींच्या डब्यातले सागरगोटे. कच्च्या काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजणारं असतं. मोठी मुलं बियांनी खेळतात ते ठीक, पण चावणाऱ्या बाळाच्या हाती बी नकोच. लाल-काळ्या गुंजा दिसायला गोड, पण चावल्या तर विषारी. त्या घरातून बाहेरच गेल्या.

गाणी म्हणणाऱ्या पुस्तकाबद्दल मी जास्त बोलले. त्यात बटणासारखी चपटी बॅटरी होती आणि तिचं झाकण नखानं उघडत होतं. असली लिथियमची बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. मूल रडेलच असं नाही, कधी नुसती लाळ गळते. बॅटरी गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता इस्पितळ गाठायचं. झाकणाला स्क्रू नसलेलं खेळणं म्हणूनच लहान मुलाच्या घरात नको. पुस्तक परत गेलं.

आजी-आजोबांच्या घरात आणखी एक गोष्ट असते, ती मुलांच्या आईवडिलांच्या घरी बहुधा नसते: रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या, आणि त्याही विसरायला नको म्हणून डोळ्यांसमोर ठेवलेल्या. इथं त्या टीव्हीच्या कपाटावर होत्या. डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फडताळात गेला आणि आठवणीसाठी आजोबांनी फोनवर गजर लावला.

वॉकर मागवायचा बेत सुनेच्या फोनवरूनच रद्द झाला, आणि ते योग्य झालं. बसून चालवायच्या वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही. त्याच्या पायांना मात्र एकदम वेग मिळतो, आणि ते जिना, चूल, गरम चहा यांच्यापर्यंत पोचतं. कॅनडानं 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो धरून मूल स्वतःच्या पायांवर उभं राहतं. पण गुळगुळीत टाइल्सवर तोही पुढं पळतो, म्हणून त्याच्या बैठकीला नारळाच्या दोन जड जुड्या बांधल्या आणि कुणीतरी सोबत असेल तेव्हाच तो दिला.

विकत काय घेतलं

फार थोडं. आजोबा एका नातेवाइकाकडे सावंतवाडीला जाणार होते, तिथल्या चितार आळीतून त्यांनी लाकडी फळं आणि भातुकली आणली. केंद्र सरकारच्या आदेशानुसार 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. त्यामुळे अशा लाकडी खेळण्यांवर चिन्ह दिसलं नाही म्हणून ती वाईट ठरत नाहीत. आपण मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावीत. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग उतरतो का ते बघितलं, कडा बोटानं चाचपल्या. रंगात शिसं आहे की नाही ते फडक्यावरून कळत नाही, म्हणून रंगीत फळं बाळाला चावायला दिली नाहीत. बिनरंगाचं लाटणं-पोळपाट त्याच्या वाट्याला आलं. भातुकलीतलं लिंबू नळीत गेलं, ते टेबलावर गेलं.

मोठ्यासाठी साधे लाकडी ठोकळे घेतले. आणि एक गोष्ट मुद्दाम दोन-दोन घेतली: एकसारखे, एकाच रंगाचे दोन लहान ट्रक. साडेतीन वर्षांचं मूल दुसऱ्याच्या शेजारी बसून तेच करतं, पण त्याच्याबरोबर मिळून अजून फारसं करत नाही. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेनं 1932 मध्येच मुलांच्या खेळातली ही पायरी टिपून ठेवली आहे. अशा वयात 'वाटून घे' म्हणत बसण्यापेक्षा दोन सारख्या वस्तू शेजारी ठेवल्या की भांडणाचं कारणच उरत नाही.

आजोबांचं मन जपणं हाही या प्रकरणाचा भाग होता. त्यांना नातवंडांना काहीतरी द्यायचं होतं, आणि मी एकेक वस्तू बाजूला काढत होते. घसरगुंडी त्यांनी पुढं जवळच्या अंगणवाडीला दिली. तिथं अंगण आहे. मी त्यांच्याकडे वेगळं काम सोपवलं: खेळण्यांचा कोठावळा. सगळ्या वस्तू तीन डब्यांत भरायच्या, एक डबा बाहेर, दोन दिवाणाखाली. कंटाळा दिसू लागला की रात्री डबा बदलायचा. टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांवर केलेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांसमोर 16 खेळणी ठेवली तेव्हापेक्षा 4 ठेवली तेव्हा ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी कमी दिलं तर जास्त दिल्यासारखं होईल." त्यानंतर ते डबे त्यांनी फार मनापासून सांभाळले. सकाळी मुलं उठून 'आजोबा, आज कुठला डबा?' असं विचारायची, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद घसरगुंडीनं मिळाला नसता.

पाट

सर्वांत उपयोगी वस्तू घरातच होती. मोठा मुलगा ठोकळ्यांचं मंदिर बांधायचा, पुढं दीपस्तंभ, मागं तळी, आणि बाळ रांगत येऊन एका हातानं सगळं पाडायचं. पहिल्या दिवशी या कारणावरून दोनदा रडारड झाली. टेबलावर बांधलं तर जेवणाच्या वेळी मोडावं लागायचं. मुलाचा राग रास्त होता. सहा वर्षांच्या मुलानं तासभर खपून उभं केलेलं काम मोठी माणसं 'खेळ' म्हणून सहज आवरून टाकतात, याचा मला नेहमी त्रास होतो.

आजींनी माळ्यावरून लग्नकार्यातला मोठा पाट काढला. मुलानं त्यावरच बांधायचं, आणि जेवायची वेळ झाली की आजोबांनी पाट तसाच्या तसा उचलून फ्रिजवर ठेवायचा. चार वाजता तो पुन्हा टेबलावर. बांधकाम चार दिवस टिकलं आणि वाढत गेलं. बाळासाठी करवंट्या एकावर एक रचायच्या आणि ते त्यांना पाडणार, हा मोठ्यानं स्वतःच शोधलेला खेळ. पाडायला वेगळं मिळाल्यावर मंदिराकडे बाळाचं लक्षही जाईना.

पुरुमेंताचे दिवस

मे महिना म्हणजे गोव्यात पावसाळ्याची बेगमी, तिलाच पुरुमेंत म्हणतात. चिंच, सोलं म्हणजे आमसुलं, मिरच्या, आंबा-फणसाची साटं, फणसाची बिकणं, सगळं निवडून, वाळवून, डब्यांत भरायचं. आजींना वाटत होतं की मुलं आली म्हणजे हे राहून जाईल. मी त्यांना म्हटलं, वहिनी, हेच खेळ म्हणून करा. बालशिक्षणतज्ज्ञ तारा­बाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढं कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शंखशिंपले, गोटे अशा भोवतालच्या वस्तूंतूनच शिक्षण उभं केलं. आपल्या स्वयंपाकघरात तो खजिना असतो, आणि आपण मुलांना 'तिकडे जाऊन खेळा' म्हणतो.

कामं वाटताना वय आणि उंचीचा नियम तोच ठेवला. मोठा मुलगा टेबलाशी बसून आजींबरोबर चिंच फोडायचा. चिंचोके मोजून दहा-दहाचे ढीग करायचे आणि बरणीत घालायचे. त्यातलेच काही एका बाजूनं घासून पांढरे केले आणि त्यांच्यावर अष्टा-चल्लस खेळायला आजींनी शिकवलं. कापडावर खडूनं घरं आखली, खेळ संपला की कापडाची घडी. हा खेळ खुर्चीवर बसून खेळता येतो, ही त्यातली मोठी सोय. खेळ निवडताना आपण मुलांचं वय बघतो, आजीचे गुडघे बघत नाही. मग आजी दोन दिवस घोडा होते आणि तिसऱ्या दिवशी झोपून राहते.

साडेतीन वर्षांच्या मुलीला ओतायला आवडायचं. पेल्यातून वाटीत, वाटीतून तांब्यात, परत पेल्यात. बाल्कनीत परात, त्यात चार बोटं पाणी, चिमूटभर सोलं घातली की पाणी लाल. तासन्‌तास. तिच्याजवळ मोठं माणूस बसलेलंच असायचं, आणि खेळ संपला की परात लगेच पालथी. बादलीतलं थोडं पाणीही लहान मुलाला बुडवू शकतं. त्यामुळे न्हाणीघरातली भरलेली बादली रिकामी करणं आणि दाराची वरची कडी लावणं हे नियम सगळ्यांसाठी होते. मिरच्यांना मुलांनी हात लावायचा नाही, ते काम मुलं दुपारी झोपल्यावर. संध्याकाळी आबोलीची फाती, म्हणजे गजरे, करताना मात्र ती आजींना एकेक फूल हातात देत राहायची, आणि त्यात तिची एकाग्रता बघण्यासारखी होती.

बाळाला एक टोपली. तिच्यात नारळाच्या करवंटीची डवली म्हणजे पळी, स्टीलची वाटी, झाकण घट्ट बसवलेला डबा आणि आत दोन लाकडी चमचे, सुती ओढणीचा तुकडा. कुठलीच वस्तू नळीत जात नाही, तुटत नाही, धुता येते. वाटीवर डवली वाजवणं खालच्या मजल्यावर ऐकू जातं, म्हणून दुपारी दोन ते चार टोपलीतून वाटी काढून घ्यायची.

पाऊस लवकर आला

धावणं-उड्या घरात होणं शक्य नव्हतं, म्हणून सकाळ बाहेरची ठरवली होती. साडेसहाला आजोबा दोघांना घेऊन निघायचे. कधी फर्मागुडीला गोपाळ गणपतीच्या परिसरात, कधी शिवाजी महाराजांच्या स्मारकाकडे, कधी रामनाथी-कवळ्याच्या देवळांच्या ऐसपैस अग्रशाळांत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासांत. तळीच्या पायऱ्यांवर हात धरूनच, एवढीच अट. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसाकाठी किमान तीन तास हालचाल व्हावी, त्यातला एक तास दम लागेल अशी. सकाळच्या फेरीत त्याचा मोठा वाटा भागायचा.

पण त्या वर्षी मान्सून 24 मे रोजीच केरळात आला, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी, आणि लगोलग गोव्यात. त्याआधीही मुसळधार सरी सुरूच होत्या. शेवटचा आठवडा पाच माणसं आणि बाळ त्या हॉलमध्ये. गाद्या दिवसाही उचलल्या नाहीत, उलट दोन्ही जोडून मोकळ्या जमिनीवर पसरल्या: लोळणं, उड्या, चिंध्यांचा चेंडू, उशांचा बोगदा. खालच्यांना आवाज कमी, पडलं तरी लागत नाही. दुपारचं जेवण दोन पंगतींत टेबलावर. वीज गेली की टॉर्च भिंतीवर धरून आजोबांच्या हातांचा ससा, कोल्हा, मगर. मोठ्यानं पाटावरच्या मंदिराची सावली पाडून बघितली आणि टॉर्च जवळ-दूर नेत ती लहान-मोठी का होते ते स्वतः शोधून काढलं.

टीव्हीचं सांगायचं तर मोठ्या दोघांना संध्याकाळी एकच कार्यक्रम, बाळ तेव्हा आईबरोबर आत. पावसात तो वेळ वाढला. सहा ते सात हा तास शेवटपर्यंत अवघडच गेला: सून बाळाला झोपवत असायची, आजी दिवाबत्ती आणि स्वयंपाकात, आजोबा दमलेले. त्यावर मला अजून मनासारखं उत्तर मिळालेलं नाही. आंघोळ त्या वेळी ठेवली तर थोडं सोपं गेलं, एवढंच.

मुलं गेल्यावर तीन डबे, दोन ट्रक आणि पाट एवढंच आवरायचं होतं. पण ही मांडणी तशीच्या तशी पुढच्या वेळी चालणार नाही, हे मी आजींना तेव्हाच सांगितलं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, ऑगस्टच्या शेवटी, सगळी परत येणार. तोवर बाळ सोळा महिन्यांचं झालेलं असेल, चालत असेल, खुर्चीवरून टेबलावर चढत असेल. मग टेबल मोठ्याचं राहणार नाही. शिवाय हॉलचा एक कोपरा गणपतीचा, वर माटोळी, म्हणजे फळं-पानं टांगलेली लाकडी चौकट, खाली पेटती समई. म्हणून बारीक वस्तूंचा डबा बेडरूममध्ये, दाराला कडी लावून, मोठ्याचा खेळ तिथं. समई मखरात खाली न ठेवता उंच स्टुलावर. माटोळीची फळं बांधायच्या आधी ती ओळखायचं, वजन हातात घेऊन बघायचं आणि आजोबांना एकेक देत जायचं काम दोघा मोठ्यांचं. आणि माटोळीतली सुपारीची शिपटी, म्हणजे घोस, पहिल्या दिवसापासून उंच, भिंतीकडच्या बाजूला.